दुसरी किल्ली घरातच हवी

संगणकातल्या फाइलींना पासवर्डचे कुलूप घातले, पासवर्ड विसरला आणि फाइली कायमच्या गेल्या, असे कोणी सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, "असं कसं? कंपनीकडे दुसरी किल्ली असायलाच पाहिजे." शिकलेली माणसे हेच भारदस्त भाषेत मांडतात. सामान्य माणूस विसरणारच, त्याच्या विसरण्याला इतकी मोठी शिक्षा नको, म्हणून प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली कंपनीने नाहीतर सरकारने आपल्याजवळ ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. या मतामागे दया आहे, हे मी मानतो. तरीही ते मत चूक आहे, आणि ज्या खेड्यातल्या माणसाचे नाव पुढे करून ते मांडले जाते, त्याच माणसाचे त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

खेड्यातला माणूस म्हणजे कोण, हे धूसर राहू नये म्हणून मी एक गाव डोळ्यांपुढे ठेवतो: बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल. शेगावहून सातपुड्याकडे निघाले की वाटेत लागणारे, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. अशा गावात आज जवळपास प्रत्येक घरात निदान एक मोबाइल आहे, कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचे लॅपटॉप आहेत, सेवा केंद्रात संगणक आहे, आणि कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यामागे हिशेबाचा संगणक आहे. पासवर्डशी या गावाची ओळख कशी झाली, तिथून सुरुवात करायला हवी.

ती ओळख बहुतेकांची आधार कार्डाच्या पीडीएफमुळे झाली. डाउनलोड केलेले ई-आधार उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ज्याला नाव आणि वय माहीत, त्याला पासवर्ड माहीत. सेवा केंद्रातला मुलगा आपल्याला न विचारता तो टाइप करतो. दुसरी ओळख ओटीपीची. बँकेच्या ॲपचा, मेलचा पासवर्ड विसरला तर मोबाइलवर आकडा येतो, नवा पासवर्ड मिळतो, काम चालू. तिसरी ओळख मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली. रिसेट केलेला फोन जुन्या जीमेल खात्याचा पासवर्ड मागतो, अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून ही सोय आहे, आणि दुकानातला कारागीर पैसे घेऊन ती अडचण काढून देतो. या तीन अनुभवांतून एक पक्की समजूत तयार झाली आहे. "काई नाई होत भाऊ, आपल्या वयखीचं पोट्टं हाये, खोलून देते."

वर सांगितलेल्या अनुभवांत पासवर्ड एकतर सगळ्यांना ठाऊक असतो, नाहीतर नवा मिळतो किंवा टाळता येतो; किल्ली हरवलेले एन्क्रिप्शन ही वेगळ्याच जातीची गोष्ट आहे. जादा किल्लीचा आग्रह धरणारे इथेच पहिली चूक करतात. त्यांचे आवडते उदाहरण बँकेच्या लॉकरचे. लॉकरची किल्ली हरवली तर बँक पंचांसमोर लॉकर फोडून देते, मग संगणक कंपनीने का देऊ नये? कारण लॉकर फोडला तरी आतले दागिने दागिनेच असतात. एन्क्रिप्शनमध्ये आतला ऐवजच बदललेला असतो. फाइलीतले प्रत्येक अक्षर किल्लीच्या आकड्याशी गणिताने मिसळून टाकलेले असते. फोडायला दार नसते आणि आत मूळ फाइलही नसते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा, मेमरीची चिप उखडून काढा, हाती येतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग.

हा ढीग किल्लीवाचून सोडवायचा म्हणजे सगळ्या किल्ल्या एकेक लावून पाहायच्या. आज जगभर वापरात असलेली एईएस ही पद्धत बेल्जियमच्या योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांच्या आराखड्यावर उभी आहे आणि २००१ मध्ये ती अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची. अशा किल्ल्या किती संभवतात? ३४ लिहून पुढे ३७ शून्ये दिली की जी संख्या होते, सुमारे तितक्या. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र मिळाले तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. ओळखीचा कारागीर आणि अमेरिकेची गुप्तचर संस्था या गणितापुढे सारखेच हतबल आहेत.

यावर कोणी नॉर्वेची गोष्ट सांगतात. तिथल्या इवार ओसेन केंद्रात रायदर युपेदाल या अभ्यासकाच्या ग्रंथसंग्रहाची संगणकीय सूची होती. सूची करणारा माणूस पासवर्ड कोणाला न सांगता वारला. २००२ मध्ये केंद्राने जगाला जाहीर आवाहन केले आणि थोड्याच अवधीत पासवर्ड सापडला. तो होता अभ्यासकाचे आडनाव उलटे लिहून केलेला आठ अक्षरी शब्द. म्हणजे मार्ग निघतोच, असा निष्कर्ष काढला जातो. माझा निष्कर्ष उलटा आहे. सूची उघडली, कारण पासवर्ड तकलादू होता. त्या जागी आजच्या पद्धतीची किल्ली असती, तर जगातल्या सगळ्या हुशार माणसांची मदत मिळूनही ती सूची बंदच राहिली असती. स्टीफन थॉमस या संगणकतज्ज्ञाचे उदाहरण समोर आहे. त्याची ७,००२ बिटकॉइन एका आयर्नकी पेन ड्राइव्हमध्ये अडकली. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा प्रयत्नांनंतर तो ड्राइव्ह आतली माहिती कायमची बंद करतो, आणि २०२१ मध्ये ही हकीकत जगापुढे आली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपलेले होते. तज्ज्ञ असणे त्याच्या कामी आले नाही.

तेव्हा नुकसान खरे आहे, आणि ते कायमचे असते. जादा किल्ली हवी, इथपर्यंत मी त्या मंडळींबरोबर आहे. ती कोणाकडे असावी, यावर आमचा वाद आहे.

कंपनीकडे किल्ली असली की काय होते, हे पाहायला कल्पना लढवावी लागत नाही, कारण एका ठिकाणी ती आजही कंपनीकडे असते. विंडोज ११ ची २०२४ मध्ये आलेली आवृत्ती नव्याने बसवली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला, की बहुतेक यंत्रांत डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. मालकाने ते मागितलेले नसते, अनेकदा त्याला कळलेलेही नसते. ४८ अंकांची सुटकेची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आता समजा, वरवट बकालच्या एका मुलीने असा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने सौजन्याने "सगळं सेट करून" दिले. खाते कोणत्या मेलवर उघडले? दुकानाच्याच एखाद्या मेलवर, किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या आणि पुढच्या क्षणी विसरलेल्या मेलवर. मोबाइल नंबर कोणाचा दिला? काकाचा, जो रिचार्ज न केल्याने पुढे बंद पडला आणि कदाचित आता दुसऱ्याच कोणाच्या फोनमध्ये आहे. दोन वर्षांनी लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला जातो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकांची मागणी येते. प्रकल्प अहवाल, शिष्यवृत्तीचे कागद, आजीचे फोटो, सगळे त्या पडद्याच्या पलीकडे.

इथे कंपनीकडे दुसरी किल्ली आहे. तुमची मागणी पूर्ण झालेली आहे. तरीही मुलीला ती मिळत नाही, कारण ती आपलीच आहे हे सिद्ध करायला जे खाते लागते, ते तिचे कधी नव्हतेच. दूरच्या माणसाकडे ठेवलेली किल्ली परत मागताना आधी ओळख पटवावी लागते, आणि खेड्यात ओळख नेमकी तिथेच तुटते: बंद पडलेल्या नंबरात, दुकानदाराच्या मेलमध्ये, नावाच्या तीन तऱ्हेच्या स्पेलिंगमध्ये. शहरातला, स्वतःचे खाते स्वतः उघडणारा माणूस ही किल्ली मिळवू शकतो. ज्याच्यासाठी ही दया दाखवली जाते तो मात्र बाहेरच राहतो. "विसरला" हा शब्दही या मुलीवर अन्याय करणारा आहे. जे तिला कधी सांगितलेच नाही, ते ती विसरणार कसे?

उलट्या टोकाचे उदाहरण टॅलीचे. मराठी मुलखातल्या दुकानदारीचा, अडतीचा, पतसंस्थांचा केवढा तरी हिशेब या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात टॅलीव्हॉल्ट नावाची सोय आहे. ती वापरली की हिशेब एन्क्रिप्ट होतो आणि कंपन्यांच्या यादीत पेढीच्या नावाच्या जागी नुसत्या तारका दिसतात. हा पासवर्ड गेला तर तो परत मिळवून देता येत नाही, हे कंपनीच सांगते. इथे जादा किल्ली कोणाकडेच नाही. वरवट बकालसारख्या गावातल्या कृषी सेवा केंद्राचा विचार करा. पेरणीच्या वेळी बियाणे आणि खत उधारीवर जाते, कापूस-सोयाबीन निघाल्यावर हिशेब मिटतो. पासवर्ड फक्त हिशेबनिसाला ठाऊक, आणि ऐन हंगामात तो हिशेबनीस भांडून निघून गेला, आजारी पडला किंवा दगावला, तर दुकानदाराइतकाच शेतकरीही अडचणीत येतो. आपण कार्तिकात किती भरले, याचा त्याच्याकडे बहुधा दुसरा कागद नसतो.

मग इथे तरी कंपनीने किल्ली ठेवायला हवी होती का? मुळीच नाही. मालकाने ठेवायला हवी होती. पासवर्ड ज्या दिवशी ठेवला त्याच दिवशी तो कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, त्यावर सही करून तिजोरीत ठेवणे, एवढेच काम होते. पतसंस्थेत, दूध संस्थेत, ग्रंथालयात हे काम संचालक मंडळाच्या ठरावाने व्हायला हवे: पाकीट कोणाच्या ताब्यात, कोणाच्या समक्ष उघडायचे, हिशेबनीस बदलला की पासवर्ड कधी बदलायचा. लेखापरीक्षकाने ताळेबंद तपासताना हे पाकीट आहे की नाही, हेही विचारावे. एकाच माणसावर विश्वास नको असेल तर त्यालाही उपाय आहे. अदी शामीर यांनी १९७९ मध्ये अशी गणिती रीत दाखवली, की गुपिताचे पाच तुकडे करून पाच जणांना द्यावेत आणि त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले तरच गुपित उलगडावे. चौघांच्या संस्थेला एवढेही नको. अर्धा पासवर्ड अध्यक्षांच्या पाकिटात आणि अर्धा सचिवांच्या पाकिटात ठेवला तरी काम भागते, पाकिटांच्या दोन-दोन प्रती असल्या म्हणजे झाले.

आता सरकारी किल्लीकडे येतो. तिच्या बाजूने तपासाचा मुद्दा मांडला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम आजही आहे. त्यानुसार सरकार माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते आणि सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याची किल्ली त्याला आदेश देणे वेगळे, आणि सगळ्यांच्या किल्ल्या आधीच जमा करून ठेवणे वेगळे. दुसऱ्या वाटेने जायचा प्रयत्न आपल्याकडे एकदा झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. नागरिकांनी आपल्या एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यावर द्यावी, असे त्यात होते. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच मसुदा मागे घ्यावा लागला. अमेरिकेने १९९३ मध्ये क्लिपर चिप काढली होती, जिची जादा किल्ली सरकारकडे राहणार होती. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने त्या योजनेतली खोट दाखवून दिली आणि पुढे ती योजना बारगळली.

किल्ल्या जमा झाल्यावर त्या राखणारे हात कोणते, हा प्रश्न दयाबुद्धीचे लोक विचारत नाहीत. उत्तर पुण्यात आहे. गेनबिटकॉइन या बहुचर्चित आभासी चलनाच्या घोटाळ्याचा तपास पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये केला. आरोपींची डिजिटल पाकिटे उघडायला बाहेरच्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली. २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप असा, की तपासासाठी विश्वासाने सोपवलेल्या पाकिटांतले चलन त्यांनी परस्पर वळवले. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा असेल तो होवो, माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. एका प्रकरणातल्या मोजक्या किल्ल्यांबाबत अशी फिर्याद करण्याची वेळ आली, तर देशभराच्या किल्ल्यांची कोठी कोणाच्या भरवशावर चालवणार? ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास व्होडाफोनच्या यंत्रणेत कायदेशीर टॅपिंगसाठी असलेल्या सोयीचाच अज्ञातांनी वापर केला आणि शंभराच्या आसपास फोन चोरून ऐकले. त्यांत त्या देशाच्या पंतप्रधानांचाही फोन होता. पंतप्रधानांना जी कोठी वाचवू शकली नाही, ती संग्रामपूर तालुक्यातल्या माणसाला वाचवील, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही.

मग एक शेवटचा आक्षेप येतो, आणि मला त्याचा सर्वांत जास्त राग येतो: खेड्यातल्या माणसाला गुप्तता कशाला हवी, त्याच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?

संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यात येतो. इथे आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे पोळली आहेत. मूत्रपिंडाच्या तपासणीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आज मोबाइलवर येतो. लग्नाच्या वयाच्या पोरीच्या वडिलांचा तो रिपोर्ट गावभर झाला तर तिच्या सोयरिकीचे काय होते, हे विचारायला मुंबईच्या तज्ज्ञाची गरज नाही. बचत गटातल्या बाईने नवऱ्यापासून बाजूला ठेवलेले पैसे, एचआयव्हीच्या औषधांची नोंद, जमिनीच्या वाटणीचा कच्चा मसुदा, कॉलेजातल्या मुलीचे फोटो, हे सगळे त्या फोनात असते. शहरात शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून उघडी पडलेली गोष्ट गावात जास्त जखम करते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. हा हक्क महानगरपालिकेच्या हद्दीपुरता आहे, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

"पासवर्ड कुठेही लिहू नका" असे बजावणाऱ्या मंडळींशीही माझा तितकाच वाद आहे. या एका उपदेशाने जितक्या फाइली गाडल्या, तितक्या चोरांनी क्वचितच पळवल्या असतील. हा उपदेश कचेरीतल्या टेबलासाठी होता, जिथे पडद्यावर चिठ्ठी डकवली की येणारा-जाणारा वाचतो. घरासाठी तो चुकीचा आहे. दूर देशात बसून तुमचे खाते फोडू पाहणाऱ्याला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. ब्रूस श्नायरसारख्या नामवंत सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच सांगितले होते, की अवघड पासवर्ड ठेवा आणि तो कागदावर लिहून पैशांच्या पाकिटात जपा.

कागद भिजतो, जळतो, हे खरे. २२ जुलै २०२३ च्या पुरात संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या कितीतरी घरांत पाणी शिरले, आणि ट्रंकेतल्या कागदांचे काय झाले ते तिथल्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून कागद दोन ठिकाणी हवा: एक घरात प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरा बंद पाकिटात दुसऱ्या गावी. माहेरी, बहिणीकडे, अकोल्याला नोकरी करणाऱ्या भावाकडे. आपल्या समाजात सोनेनाणे आणि खरेदीखते अशीच विश्वासाच्या घरी ठेवण्याची रीत आहे, ती मोडलेली नाही. माणूस गेल्यावरची सोयही याच कागदात होते. कायदाही त्या दिशेने चालला आहे: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमात मृत्यूनंतर आपल्या वतीने हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला आहे. पण कायद्याने नेमलेल्या वारसाकडेही किल्ली नसेल, तर एन्क्रिप्ट केलेली डिस्क त्याच्यासाठी उघडणार नाही.

कंपन्या यातून सुटत नाहीत. मालकाला न विचारता कुलूप लावायचे आणि किल्लीची सूचना इंग्रजी पानाच्या तळाशी ठेवायची, हे चालू देता कामा नये. पहिल्यांदा संगणक सुरू होताच मराठीत, ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे, की डिस्कला कुलूप लागले आहे, ही त्याची ४८ अंकी किल्ली, ती आता लिहून घ्या, नाहीतर पुढे जाता येणार नाही. सरकारला जादा किल्ल्यांचा मोह आवरत नसेल, तर त्याने आधी एवढी सक्ती करून दाखवावी. एमएस-सीआयटीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना एक्सेल शिकवण्याआधी खात्याचा पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची किल्ली यांतला फरक शिकवावा.

वरवट बकाल, शेगाव, खामगावच्या संगणक विक्रेत्यांना आणि मोबाइल दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: गिऱ्हाइकाचे खाते तुमच्या मेलवर उघडू नका. त्याच्याच नंबरावर, त्याच्याच समोर उघडा, आणि बिलाबरोबर किल्लीचा छापील कागद त्याच्या हातात द्या. ज्यांच्या घरी विंडोजचा लॅपटॉप आधीच आहे, त्यांनी आजच सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर खात्यातली किल्ली शोधून ४८ अंक दोन कागदांवर उतरवावेत आणि दुसऱ्या कोणाकडून ताडून घ्यावेत. खाते कोणाच्या नावावर आहे हेच समजत नसेल, तर लॅपटॉप उघडतो आहे तोवर आतल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवावी.